एक गुण

नमस्कार श्रोतेहो.

आज एका हंगामाबद्दल बोलायचं आहे. इंग्लिश प्रीमियर लीगचा 2018-19चा हंगाम, आणि त्यातला माझा संघ, लिव्हरपूल. तुमच्यातले जे फुटबॉल बघतात त्यांना आकडे पाठ असतील. जे बघत नाहीत त्यांनी एवढंच ध्यानात ठेवा. 38 सामने. जिंकलात तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक, हरलात तर शून्य. लीगमध्ये अंतिम सामना नसतो. ऑगस्टमधल्या एखाद्या सुस्त दुपारी हातचे घालवलेले दोन गुण मे महिन्यात दारात येऊन उभे राहतात.

लिव्हरपूलनं त्या वर्षी 38पैकी 30 सामने जिंकले, सातांत बरोबरी केली, आणि हरला फक्त एक. गुण झाले 97. मँचेस्टर सिटीचे झाले 98.

पुन्हा सांगते, कारण मला स्वतःला ते पुन्हा पुन्हा म्हणून बघावं लागलं होतं. आमचे 97, त्यांचे 98. एक गुण.

मी या संघाची झाले ती 2005मध्ये, चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेच्या, इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यापासून. मिलानविरुद्ध मध्यंतराला 3-0 असे मागे होतो, आणि पेनल्टींवर जिंकलो. ज्याची सुरुवात अशा रात्रीनं होते त्याची आशा कायमची चिवट होते. लीगचं विजेतेपद मात्र 1990नंतर लिव्हरपूलला मिळालेलं नव्हतं. त्यातून आदल्याच मे महिन्यात, 2018मध्ये, कीव्हला रेआल माद्रिदकडून चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना 3-1 हरलो होतो. आमचा आक्रमक सलाह, त्याचा खांदा दुखावला, तो रडत बाहेर गेला, आणि आमच्या गोलकीपरच्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. नवा हंगाम सुरू झाला तो हे सगळं उराशी घेऊन.

आणि सुरू तरी कसा झाला! मागे बचावात व्हॅन डाइक, त्याच्यामागे नवा गोलकीपर अ‍ॅलिसन. डिसेंबरमध्ये एव्हर्टनविरुद्ध 96व्या मिनिटाला ओरिगीनं गोल केला. चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावर टप्पे खात होता, एव्हर्टनच्या गोलकीपरला तो धड धरता येईना, आणि ओरिगी तिथे हजर. हे नाव लक्षात ठेवा. दिवॉक ओरिगी. वर्षअखेरीला आम्ही सिटीच्या सात गुण पुढे होतो.

मग 3 जानेवारी, सिटीच्या मैदानावर. आमचा आक्रमक माने, त्याचा फटका खांबाला लागून परत आला. सिटीचा बचावपटू स्टोन्स चेंडू बाहेर काढायला गेला तर तो त्यांच्याच गोलकीपरच्या अंगावर आपटून गोलकडे निघाला. स्टोन्सनं धावत जाऊन तो रेषेवरून उडवला. पूर्ण रेषा ओलांडायला चेंडूला 11.7 मिलिमीटर कमी पडले. पुढे सिटीच्या सानेचा फटका तसाच खांबाला लागला आणि आत गेला. आमचा खांबाला लागून बाहेर, त्यांचा खांबाला लागून आत. 2-1. लीगच्या आख्ख्या हंगामातली ती आमची एकमेव हार.

मला विचाराल तर लीग त्या रात्री गेली नाही. ती गेली त्यानंतरच्या बरोबऱ्यांमध्ये. लेस्टर, वेस्ट हॅम, मँचेस्टर युनायटेड, एव्हर्टन, पाच आठवड्यांत चार बरोबऱ्या. लेस्टरविरुद्धची तर मला अजून टोचते, कारण आदल्याच दिवशी सिटी न्यूकॅसलकडून हरली होती आणि मानेनं तिसऱ्याच मिनिटाला गोल करून दिला होता. दार उघडं होतं, आम्ही आत गेलो नाही. म्हणून मी तरुण मुलांना नेहमी सांगते, दहा मिनिटांचे हायलाइट्स बघून संघ कळत नाही. हायलाइट्समध्ये गोल दिसतात. अडकून पडलेला चेंडू, चुकलेला पास, साठाव्या मिनिटाला खांद्यावर चढायला लागलेला ताण हे काहीच दिसत नाही. आणि हंगाम तर त्यातच जातो. असो, त्यावर मी तासभर बोलू शकते, आणि आज वेळ कमी आहे.

आता येते त्या आठवड्यावर, ज्याच्यासाठी मी आज बोलायला बसले.

1 मे 2019. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी. दोन सामने, एकेक दोघांच्या मैदानावर, आणि दोन्हींतले गोल एकत्र मोजायचे. पहिला सामना बार्सिलोनात. आम्ही चांगलं खेळलो आणि 3-0 हरलो. तिसरा गोल मेस्सीची फ्री किक, बार्सिलोनासाठीचा त्याचा सहाशेवा गोल. सलाहचा फटका खांबाला. आणि अगदी शेवटच्या क्षणी डेम्बेले अ‍ॅलिसनसमोर मोकळा होता, चौथा गोल नुसता ढकलायचा होता, तर त्यानं चेंडू अलगद अ‍ॅलिसनच्या हातात दिला. तेव्हा कुणी त्याच्याकडे फार लक्ष दिलं नाही. मी दिलं होतं. मी म्हटलं, तीनच आहेत, चार नाहीत.

4 मेला न्यूकॅसलमध्ये सलाहच्या डोक्याला मार लागला, त्याला स्ट्रेचरवरून नेलं. आमचा दुसरा आक्रमक फर्मिनो आधीच जायबंदी. आणि 6 मेला सिटीचा सामना लेस्टरशी. सत्तराव्या मिनिटापर्यंत 0-0. मग सिटीचा कर्णधार कोंपनी, 33 वर्षांचा बचावपटू, लांबून गोलवर फटका मारणं हे त्याचं कामच नव्हे, त्यानं इतक्या लांबून मारला की त्याचेच सहकारी मारू नकोस म्हणत होते. चेंडू वरच्या कोपऱ्यात. लीग जवळजवळ गेली, हे तेव्हाच कळलं. मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी, 7 मेला, आमच्या घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर, परतीचा सामना. आपल्याकडे रात्री साडेबाराला.

त्या दिवसांत आईला ताप होता. ती आतल्या खोलीत, दार उघडं ठेवलेलं, त्यामुळे टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. दर दोन तासांनी तिचा ताप बघायचा होता, म्हणून बाबाही जागे. बाबांना क्रिकेटशिवाय दुसरा खेळ माहीत नाही. ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "किती हवेत?"

म्हटलं, "चार. आणि त्यांचा एकही नको."

ते म्हणाले, "म्हणजे फॉलोऑन मिळालाय आणि तिथून जिंकायचंय."

म्हटलं, "अगदी तसंच."

"आणि तुमचे खेळणारे?"

"सलाह नाही. फर्मिनो नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, पण झोपायला जा म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचे अजून आभार मानते.

सातव्या मिनिटाला हेंडरसनचा फटका गोलकीपरनं अडवला, चेंडू सुटला, आणि ओरिगीनं आत घातला. हो, तोच ओरिगी. मी तोंडावर हात दाबून धरला. बाबांनी एक बोट दुमडलं. मध्यंतराला 1-0. आईचा ताप बघितला, थोडा उतरला होता. इकडे रॉबर्टसनला दुखापत झाल्यामुळे वायनाल्डम बदली म्हणून आत आला. त्याला सुरुवातीपासून खेळवलं नव्हतं म्हणून तो रागावलेला होता, हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. त्या रागातून त्यानं दोन गोल केले. 54व्या मिनिटाला एक आणि 56व्या मिनिटाला दुसरा, दोन्हींत 122 सेकंदांचं अंतर. आवाज करायचा नव्हता, म्हणून आम्ही बापलेक अंधारात तळहात एकमेकांना न लावता टाळ्या वाजवत होतो. बाबांची तीन बोटं दुमडलेली.

आता एकूण गोल 3-3. पण तेव्हा अवे गोलचा नियम होता, म्हणजे एकूण गोल सारखे झाले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे. बार्सिलोनानं एक जरी गोल केला असता तर आम्हाला पाच लागले असते. हा नियम 2021मध्ये काढून टाकला, आणि मला तो निर्णय आजही पटलेला नाही. अन्यायाचा होता म्हणतात. असेल. पण त्या नियमामुळे 3-3 असतानासुद्धा एका चुकीत सगळं जाईल ही धास्ती पोटात राहायची, आणि त्या धास्तीची मजा दुसऱ्या कशात नाही. अ‍ॅलिसननं त्या रात्री जे अडवलं त्याचं मोल त्या नियमामुळे दुप्पट होतं.

सामना 78व्या मिनिटावर आला. आणि आतून आईची हाक आली, "पाणी दे गं."

मी उठले. उठले म्हणजे उठलेच, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आत गेले, तिला आधार देऊन बसवलं, पाणी पाजलं. तिनं विचारलं, "कोण खेळतंय?" म्हटलं, "झोप तू." चादर सारखी केली. तेवढ्यात बाहेर बाबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खर्रकन. त्या अख्ख्या सामन्यातला आमच्या घरातला तो एकच आवाज.

बाहेर आले तर बाबा उभे. एक बोट पडद्याकडे.

"अगं, गोल झाला."

"कुणाचा?"

"लालवाल्यांचा."

मी पडद्याकडे धावले. तोवर सगळे एकमेकांच्या अंगावर पडले होते. मी विचारलं, "झाला कसा?"

आणि बाबांनी सांगितलं. ज्या माणसाला कॉर्नर हा शब्द त्याच रात्री कळला होता त्यानं मला सांगितलं. "कोपऱ्यातून मारायचा होता. तो पोरगा चेंडू ठेवून निघून चालला होता, दुसरा कुणी मारणार म्हणून. चार पावलं गेला. मग एकदम वळला आणि मारलाच. पलीकडचे सगळे पाठ करून उभे होते गं. कुणाचं लक्षच नाही. फक्त एकाचं होतं, तुझ्या त्याचं."

माझ्या त्याचं म्हणजे ओरिगीचं. तो पोरगा म्हणजे ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड, तेव्हा 20 वर्षांचा. नंतर कळलं की चेंडू झटपट देणारा बॉल बॉय 14 वर्षांचा होता, आणि चेंडू पटापट द्या असं या मुलांना आधीच सांगून ठेवलेलं होतं, कारण बार्सिलोनाचे खेळाडू खेळ थांबला की बेसावध होतात हे लिव्हरपूलच्या लोकांनी हेरलं होतं. 4-0. एकूण 4-3.

श्रोतेहो, 14 वर्षं मी या संघाच्या मागे होते, आणि त्याच्या इतिहासातला इतका मोठा गोल झाला तेव्हा मी पाण्याचं भांडं धरून पाठमोरी होते. वाईट वाटलं का? वाटलं. रीप्ले मी कितीतरी वेळा बघितला. पण रीप्लेमध्ये मला ट्रेंट दिसतोच, आणि त्याच्यावर बाबांचा आवाज ऐकू येतो, "चार पावलं गेला. मग एकदम वळला." मी इतकी वर्षं रेडिओत काम करते. बघणारा माणूस न बघणाऱ्याला सांगतो आणि ऐकणाऱ्याला दिसायला लागतं, हे मी माइकसमोर असंख्य वेळा केलं आहे. त्या रात्री ते माझ्यासाठी कुणीतरी केलं. चित्र बंद आणि आवाज चालू असेल तर खेळ दिसतो, हे माझं जुनं मत आहे, आणि टीव्हीवरच्या समालोचकांनी दर सेकंद भरून काढायचा हट्ट सोडला तर बरं होईल, हेही.

सकाळी आईचा ताप उतरला. बाबांनी तिला तो गोल सांगितला. मग फोनवर काकांना सांगितला. प्रत्येक वेळी पावलं चारच.

पाचच दिवसांनी, 12 मेला, लीगचा शेवटचा दिवस. आमचा सामना वूल्व्ह्जशी, सिटीचा ब्रायटनशी, दोन्ही एकाच वेळी. मानेनं 17व्या मिनिटाला गोल केला आणि आम्ही गुणतालिकेत पहिले झालो. मग ब्रायटननं गोल केला! सिटी मागे! हा आनंद 83 सेकंद टिकला, अग्वेरोनं बरोबरी केली. तरी आम्ही पहिलेच होतो. 38व्या मिनिटाला लापोर्टनं सिटीला पुढे नेलं, आणि तिथे संपलं. आम्ही 2-0 जिंकलो, सिटी 4-1 जिंकली. त्यांनी शेवटचे 14 सामने ओळीनं जिंकले होते, हे मोठ्या मनानं मान्य करायला हवं. मला ते मान्य करायला बरेच दिवस लागले. 21 मिनिटं आम्ही विजेते होतो. मग एक गुण. तोच एक गुण.

एका मंगळवारी बार्सिलोनाला हरवायचं आणि त्याच आठवड्याच्या रविवारी 97 गुण घेऊन दुसरं यायचं. एकाच पोटात दोन्ही कसं ठेवायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या रविवारी जेवणाच्या वेळी बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "आता अजून एक आहे ना?"

होता. 1 जूनला, माद्रिदमध्ये, टॉटनहॅमविरुद्ध अंतिम सामना. सामना तसा साधाच. पहिल्या अर्ध्या मिनिटात हँडबॉल, पेनल्टी, सलाहचा गोल, आणि मग तासाहून जास्त वेळ नुसतं तगून राहणं. कीव्हला रडत गेलेला सलाह, त्यानं पेनल्टी घेताना मी श्वास रोखला होता, एवढंच त्यातलं सांगण्यासारखं.

आई तोवर बरी झाली होती. सवयीनं मी टीव्हीचा आवाज बंदच ठेवला होता. ती बाहेर आली, बाबांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मुका का ठेवलायस? मोठा कर."

मी आवाज मोठा केला. 87व्या मिनिटाला डावीकडून, जमिनीलगत, कोपऱ्यात, दुसरा गोल. घरात एकच आरडाओरडा. बाबा पडद्याजवळ गेले, गोल करणाऱ्याकडे नीट बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, हा तोच ना? फक्त त्याचंच लक्ष होतं, तो?"

म्हटलं, "तोच, बाबा."