न्यायासनावरचा सरकारी वकील

नमस्कार श्रोतेहो.

वॉटरगेट म्हटलं की आपल्याला आठवतात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन, आणि त्यांना खुर्ची सोडायला लावणारे पत्रकार. 1972 मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत निक्सन यांच्या प्रचार समितीशी संबंधित माणसं घुसली, त्याचं हे प्रकरण. पण त्या प्रकरणाचा खटला ज्यांच्यासमोर चालला, त्या न्यायाधीश जॉन सिरिका यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. आज त्यांच्याविषयी.

सिरिकांचा जन्म 1904 चा, कनेटिकट राज्यातल्या वॉटरबरीचा. वडील इटलीतून आलेले, न्हाव्याचा धंदा करणारे. घरात पैसा टिकला नाही. मुलगा वॉशिंग्टनला कायदा शिकायला गेला आणि फीपुरते पैसे मिळावेत म्हणून बॉक्सिंग शिकवू लागला. पुढे जगज्जेते जॅक डेम्प्सी त्यांचे जिगरी दोस्त झाले, इतके की सिरिकांच्या लग्नात करवल्याच्या जागी डेम्प्सी उभे होते.

1930 ते 34 सिरिका वॉशिंग्टनमध्ये सरकारी वकील होते. मग बरीच वर्षं खासगी वकिली. 1957 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना फेडरल जिल्हा न्यायालयावर नेमलं. हे केंद्राचं, पण पहिल्या पायरीचं न्यायालय. साक्षीपुरावे होतात ते इथेच. नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, मंजुरी सिनेटची आणि पद तहहयात. गंमत अशी की तेव्हा आयझेनहॉवर यांचे उपराष्ट्राध्यक्ष होते रिचर्ड निक्सन, आणि सिरिका स्वतः त्याच रिपब्लिकन पक्षाचे.

वकील मंडळी त्यांना ‘मॅक्सिमम जॉन’ म्हणत, कारण शिक्षा द्यायची वेळ आली की हात आखडता नसे. अपिलात त्यांचे निकाल फिरतही असत. फार मोठे कायदेपंडित म्हणून त्यांचा लौकिक नव्हता.

जानेवारी 1973. सात आरोपी. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत घुसणारे आणि त्यांना घुसवणारे. पाच जणांनी गुन्हा कबूल करून टाकला. कोर्टाला एवढं पुरे असतं. कबुली नोंदवायची, शिक्षेची तारीख द्यायची. सिरिका प्रश्न विचारत राहिले. आरोपी बार्करला त्यांनी विचारलं, शंभर शंभरच्या त्या नोटा तुला कुणी दिल्या? तो म्हणाला, टपालानं आल्या, कोऱ्या पाकिटातून. सिरिका म्हणाले, माफ कर, माझा विश्वास बसत नाही.

निक्सन यांच्या प्रचार समितीचे खजिनदार साक्षीला आले तेव्हा तर त्यांनी ज्युरीला बाहेर पाठवलं आणि स्वतःच तपासणी सुरू केली. सुमारे दोन लाख डॉलर रोख लिडी या आरोपीला कशासाठी दिले? कुणाला विचारून दिले? सरकारी वकिलांनी जिथे थांबायचं ठरवलं होतं, तिथून न्यायाधीशांनी सुरुवात केली.

आपल्याकडच्या वकिलाला यात नवल वाटणार नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं 165 वं कलम न्यायाधीशाला कुठल्याही साक्षीदाराला हवा तो प्रश्न विचारू देई; 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 168 वं कलम आहे. अमेरिकेतली रीत निराळी. दोन्ही बाजूंनी झुंजायचं, न्यायाधीशानं पंच म्हणून उभं राहायचं. हा पंचच मैदानात उतरला होता.

मार्चमध्ये मॅकॉर्ड या आरोपीचं पत्र त्यांच्या दालनात आलं. गप्प राहण्यासाठी आरोपींवर राजकीय दबाव होता, खटल्यात खोट्या साक्षी झाल्या, गुंतलेल्या इतरांची नावं बाहेर आलीच नाहीत, असं त्यात होतं. 23 मार्चला सिरिकांनी ते भर कोर्टात वाचून दाखवलं. त्याच दिवशी बार्करसह मायामीहून आलेल्या चौघा घुसखोरांना त्यांनी चाळीस चाळीस वर्षांच्या शिक्षा सुनावल्या, पण तात्पुरत्या. तपासाला मदत करा, मग अंतिम शिक्षेचं पाहू, असा त्याचा अर्थ.

इथे मला अडखळायला होतं. शिक्षेचा धाक घालून तोंड उघडवणं हे पोलिसांना, फार तर सरकारी वकिलाला शोभेल. न्यायाधीशानं ते करावं का? त्या एका खटल्यात ते सत्कारणी लागलं म्हणून आपण टाळ्या वाजवतो. उद्या निरपराध माणूस समोर असला तर?

टेप्सचं प्रकरण मात्र निराळं. तिथे सिरिका फक्त न्यायाधीश होते, आणि तिथेच ते मला मोठे वाटतात. राष्ट्राध्यक्षांच्या दालनातली संभाषणं ध्वनिमुद्रित होतात, हे जुलै 1973 मध्ये फुटलं. या प्रकरणाचा तपास करणाऱ्या विशेष सरकारी वकिलानं त्या टेप्स मागितल्या. निक्सन म्हणाले, हा माझा विशेषाधिकार, देणार नाही. सिरिकांनी 29 ऑगस्टला हुकूम काढला: टेप्स माझ्याकडे द्या, त्यातलं काय द्यायचं ते मी ऐकून ठरवीन. वरच्या कोर्टानं तो उचलून धरला. निक्सन यांनी त्या विशेष सरकारी वकिलालाच काढून टाकलं, देश खवळला, आणि तीन दिवसांत त्यांचे वकील कोर्टात उभे राहून म्हणाले, हे राष्ट्राध्यक्ष कायदा झुगारत नाहीत. टेप्स आल्या. एकीत साडेअठरा मिनिटांची पोकळी निघाली, हा भाग वेगळा!

1 जानेवारी 1975 ला सिरिकांच्याच कोर्टात निक्सन यांचे माजी अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, मिचेल दोषी ठरले. एखाद्या सरकारी वकिलाला याहून मोठा आरोपी मिळणं कठीण.

आणि त्या चाळीस वर्षांच्या शिक्षा? त्या घटून तिघांच्या एक ते चार वर्षांवर आल्या, बार्करची दीड ते सहा वर्षांवर. लिडीनं मात्र तपासात शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. त्याची वीस वर्षांची शिक्षा सिरिकांनी कमी केली नाही; ती 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी केली.