भंगाराच्या गोणीतून पदपथाकडे

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, तुर्भे, महापे, रबाळे या भागांत, वाया गेलेल्या प्लास्टिकचा पहिला निवाडा यंत्र नव्हे, तर वर्गवारी करणाऱ्या महिलांचे हात करतात. बाटली आणि तिचे झाकण दिसायला एकाच वस्तूचे भाग असले, तरी बाटली पीईटी या प्लास्टिकची असते आणि झाकण बहुधा एचडीपीई (पॉलिथीनचा एक प्रकार) किंवा पीपी (पॉलिप्रोपिलीन) या प्लास्टिकचे. दोन्हींचा चुरा पाण्याच्या टाकीत सोडला की झाकणाचा चुरा वर तरंगतो, बाटलीचा तळाशी बसतो.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पॉलिथीन साधारण १०५ ते १३५ अंश सेल्सिअसला वितळते, तर पीईटीला सुमारे २५० अंश लागतात. दोन्ही एकत्र तापवले तर त्यांपासून केलेला पेव्हर ब्लॉक, म्हणजे पदपथावर बसवायचा ठोकळा, न वितळलेल्या कणांच्या जागी पुढे तडकतो. पीव्हीसी (पाइपांसाठी वापरतात ते प्लास्टिक) चुकून मिसळले गेले, तर तापवताना हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो, म्हणून ते कटाक्षाने बाजूला काढावे लागते.

निवडलेले पॉलिथीन वितळवून त्यात कोरडी वाळू घोळतात आणि हा लगदा साच्यात दाबतात. सिमेंटच्या ब्लॉकप्रमाणे यावर दिवसेंदिवस पाणी मारावे लागत नाही, शिवाय तो पाणीही फारसे शोषत नाही, आणि कोकणच्या पावसात ही जमेची बाजू मोठी आहे. मात्र प्लास्टिक जळते, उन्हाने झिजते आणि कायमच्या भाराखाली हळूहळू वाकते. त्यामुळे पदपथ व उद्याने ठीक, पण या ब्लॉकच्या भिंतींवर घर उभारण्याचा उत्साह आवरलेलाच बरा.

रस्त्यांत प्लास्टिक वापरण्याचा अनुभव अधिक जुना आहे. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन, ज्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या पद्धतीत तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा बारीक चुरा टाकतात. त्याचे पातळ आवरण खडीवर बसते आणि मग डांबर घट्ट धरते. पावसाचे पाणी नेमके खडी आणि डांबर यांच्यामध्येच शिरते, आणि खड्ड्यांची सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते.

गाळ्याच्या कोपऱ्यात वेफर्सच्या पाकिटांची गोणी मात्र उरते. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असल्याने ते सहजी सुटत नाहीत, म्हणून असा बराच माल सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जातो. बांधकामाच्या कामी तोही येतो, पण जळून.