नेम न धरता सोडलेला बाण

४ नोव्हेंबर २०१२, कैरो. सेंट मार्क कॅथेड्रल खचाखच भरलंय, एका पात्रात तीन नावं ठेवलीयत आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक लहान मुलगा त्यातलं एक उचलतो. झालं, इजिप्तच्या कॉप्टिक या ख्रिस्ती चर्चला ११८ वे पोप मिळाले, तवाद्रोस दुसरे. बघणाऱ्याला हा सरळ लकी ड्रॉ वाटेल, पण तिथे जमलेल्यांच्या लेखी निवड मुलाने केलीच नाही, देवाने केली.

बायबलमधलं नीतिसूत्रे १६:३३ हेच सांगतं, चिठ्ठ्या माणूस टाकतो पण निकाल परमेश्वराचा. येशूला दगा देणाऱ्या यहूदा इस्कर्योतच्या जागी बारा शिष्यांत मत्थिया आला तोही चिठ्ठीनेच.

पण चिठ्ठीचं सोपं आहे हो, तिथे आधी प्रार्थना करून देवाला विचारलेलं असतं. न विचारता जे घडतं त्याचं काय? बायबलमधलंच १ राजे, अध्याय २२. इस्राएलचा राजा अहाब रामोथ-गिलादच्या लढाईला निघालाय, मीखाया संदेष्टा सांगतो की तू जिवंत परतणार नाहीस, तर हा त्यालाच तुरुंगात टाकतो आणि स्वतः वेष बदलून रणात उतरतो. शत्रूच्या, म्हणजे अरामी सरदारांना हुकूम आहे की फक्त राजालाच गाठा, पण तो त्यांना सापडतच नाही, आणि मग कुणीतरी एक माणूस, त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही, नेमबिम न धरता बाण सोडतो आणि तो थेट चिलखताच्या सांध्यात घुसतो. संध्याकाळी अहाब मेला. धनुष्य ओढायला त्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं, वेष बदलायची आयडियाही अहाबचीच.

भारी गोष्ट आहे, पण मला तरी ती दिलासा देणारी कमी आणि अस्वस्थ करणारी जास्त वाटते. सगळं देवाच्या हातात, मग दोष कुणाचा? जेझुइट या कॅथलिक संघातल्या स्पॅनिश लुईस दे मोलिनाने १५८८ मध्ये मांडलं की कुठल्या परिस्थितीत कोण स्वतःहून काय निवडेल हे देवाला आधीच ठाऊक असतं, त्या हिशोबाने तो जग रचतो, ढकलत कुणालाच नाही. उलट नेदरलँड्समधल्या १६१८-१९ च्या डॉर्ट या प्रोटेस्टंट परिषदेने, कुणाला तारायचं ही देवाची निवड बिनशर्त ठरवली, आणि ती माणसाच्या विश्वासावर अवलंबून मानणाऱ्या अर्मिनियसच्या अनुयायांना बाहेर काढलं. वाद अजून चालूच आहे.

येशूचा शिष्य पेत्र मात्र पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी यरुशलेमेत या भानगडीत पडलाच नाही. येशूला देवाच्या ठरलेल्या योजनेनुसार तुमच्या हाती दिलं गेलं आणि तुम्ही त्याला मारलंत, दोन्ही गोष्टी त्याने एका दमात सांगून टाकल्या. यावर ऐकणाऱ्यांनी दोष कुणाचा हे विचारलं नाही, विचारलं ते एवढंच, की मग आता आम्ही काय करावं?