अपग्रेडनंतर ‘परमिशन डिनाइड’ येतंय? ७७७ मारायच्या आधी हे बघा

तर झालंय असं की रात्री बसून तुम्ही लिनक्स सिस्टिम नवीन टाकली, सगळं मस्त चालू झालं, आणि सकाळी जुन्या ड्राइव्हवरचं फोल्डर उघडायला गेलात तर ‘परमिशन डिनाइड’. अरे फाईल माझी, मशीन माझं, युजरनेम तेच, पासवर्ड तोच, मग हा नाही म्हणणारा कोण?

गोम इथेच आहे. लिनक्स फाईलवर तुमचं नाव लिहीतच नाही, लिहितो एक नंबर, युजर आयडी. नाव आपल्याला दाखवण्यापुरतं, ते ईटीसीमधल्या पासडब्ल्यूडी फाईलमधून शोधून आणतो. बहुतेक डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये, पहिल्या युजरला १००० मिळतो, पुढच्याला १००१. आता समजा जुन्या सिस्टिमवर तुमचं अकाउंट दुसरं होतं आणि नव्यावर तुम्ही ते पहिलंच बनवलंत, तर तुम्ही झालात १०००, आणि फाईली बसल्यात १००१ ची वाट बघत. फेडोरा या डिस्ट्रोत तर हे नंबर आधी ५०० पासून सुरू व्हायचे, २०११ मध्ये फेडोरा १६ आलं तेव्हा १००० केले, म्हणजे खूप जुनी डिस्क लावली तर तोही घोळ.

हे बघा, स्क्रीनवर टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडलंय. आधी नुसतं ‘आयडी’ टाईप करून एंटर, हा तुमचा नंबर. मग त्या फोल्डरवर ‘एलएस डॅश एलएन’, शेवटचा एन महत्त्वाचा, त्याने नावाऐवजी नंबर दिसतात. दोन्ही जुळत नाहीत? मग सुडो (कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवणारा शब्द) लावून ‘चोन डॅश कॅपिटल आर’, म्हणजे आतल्या सगळ्यासकट मालक बदलणारी कमांड, तुमचं युजरनेम आणि फोल्डरचा पत्ता. फक्त त्याच फोल्डरचा हां! पत्ता दोनदा वाचा आणि मगच एंटर दाबा.

आणि नंबर जुळूनही उघडत नसेल तर वरचे फोल्डर बघा, कारण आत शिरायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्स, म्हणजे आत जायची, परमिशन लागते, फाईल कितीही मोकळी असली तरी. ‘नेमआय डॅश एल’ आणि पूर्ण पत्ता द्या, ती कमांड पायरीपायरीने मालक नि परमिशन दाखवते, कुठे अडलंय ते लगेच कळतं. मला ही कमांड फार उशिरा कळली, त्याआधी मी काय करायचो? ‘चमॉड ७७७’, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या. एकदा वैतागून थेट रूटवरच, म्हणजे सिस्टिमच्या सगळ्यात वरच्या फोल्डरवरच, मारलं, सगळ्या फाईलींना. मग काय, सुडोच्या फाईलवरचा सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅमला मालकाच्या अधिकाराने चालू देणारी खूण) उडाला आणि सुडोच चालेना, म्हणजे केलेलं निस्तरायचं हत्यारच गेलं. एसएसएचची (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) प्रायव्हेट की पण सगळ्यांना वाचता येत असेल तर एसएसएच ती घेतच नाही, तिला ६०० लागतं, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल असं. शेवटी सगळं परत इन्स्टॉल केलं, गपगुमान.

मेसेज मात्र नीट वाचा. ‘रीड ओन्ली फाईल सिस्टिम’ म्हणत असेल तर चोनने काही होणार नाही. विंडोजचा ड्राइव्ह लिनक्समध्ये लावलाय आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पटकन सुरू व्हावं म्हणून पूर्ण बंद न होण्याची सेटिंग) चालू आहे, हे त्याचं नेहमीचं कारण. विंडोजमध्ये जाऊन ते बंद करा, नीट शट डाऊन करा, मग या.

विंडोजवालेहो, तुमच्याकडे नंबराच्या जागी एसआयडी, म्हणजे अकाउंटची लांबलचक ओळखखूण, असतो, फ्रेश इन्स्टॉल केलं की तुमचं अकाउंट नवा एसआयडी घेऊन येतं, नाव तेच ठेवलं तरी. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे ओनर बदला.

मॅकवर ‘परमिशन डिनाइड’ऐवजी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तर बहुतेक वेळा चमॉडचा प्रश्नच नसतो. मॅकओएसच्या २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून फुल डिस्क ॲक्सेस (ॲपला सगळी डिस्क वाचू द्यायची परवानगी) आलं, आणि २०१९ च्या कॅटालिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्ससाठी पण ॲपला तुमची परवानगी लागते. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन टर्मिनलला ती द्या, टर्मिनल बंद करून परत उघडा, आणि तीच कमांड पुन्हा चालवून बघा.