कथासंग्रह निवडताना पहिली कथा वाचू नका!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकच, ताई कथासंग्रह आणतो पण दोन कथांनंतर पडून राहतो, चांगला ओळखायचा कसा? उरलेल्या निम्म्या, पीडीएफ आहे का. नाहीये!

तर नावं कुठून शोधायची, हे तुम्हाला माहितीच आहे. दिवाळी अंकात कथा आवडली की लेखकाचं नाव लिहून ठेवा. साहित्य अकादमी पुरस्कारांची यादी बघा, २०१२ला जयंत पवार, २०१६ला आसाराम लोमटेंचा 'आलोक', २०२१ला किरण गुरव, तिघांनाही कथासंग्रहासाठीच मिळालाय. झालं, पुढे.

घोळ होतो पुस्तक हातात आल्यावर. आपण सरळ पहिली कथा उघडतो. नका ना उघडू! भाजीवाला टोमॅटो रचतो तसं असतं ते, लालबुंद सगळे पुढे. मी एकदा पहिल्या कथेवर भाळून तीनशे रुपये घातले आणि पुढच्या दहा कथांत तोच म्हातारा, तीच खिडकी, तोच पाऊस. नाव विचारू नका, सांगणार नाही.

शीर्षककथा पण नको, तीही पुढे मांडलेलीच. आणि मागचं कव्हर तर अजिबातच नको, तिथे प्रत्येकजण मानवी मनाचा तळ शोधत असतो, सापडत कुणालाच नाही. अनुक्रमणिकेत पाच-सहा नंबरला असेल ती कथा काढा आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचा. पूर्ण म्हणजे पूर्ण, कारण कधीकधी कथेचा सगळा जीव शेवटच्या परिच्छेदात असतो.

यावर एका दादांची कमेंट, असं मधूनच वाचलं तर क्रम बिघडतो. अहो, कसला क्रम! बहुतेक कथा आधी मासिकांत, दिवाळी अंकांत सुट्ट्या सुट्ट्या छापून येतात, संग्रह नंतर होतो. मधलीच कथा भिकार निघाली तर पुस्तक परत रॅकमध्ये.

मी आपल्या नाशिकच्या, विहितगावच्या बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' असंच सीबीएस बस स्टँडवर मधून उघडलं होतं. १९६३चं पुस्तक, म्हटलं भाषा जड जाईल. कसलं काय, सिन्नरची बस समोरून गेली आणि मला कंडक्टरची हाक पण ऐकू आली नाही. घरी आईनी विचारलं एवढा उशीर का, म्हटलं ट्रॅफिक.

पैसे घालायचे नसतील तर सावाना, म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, आहेच की, १८४०पासून. लायब्ररीच्या पुस्तकाची अजून एक मजा, समास बघा. मी परवा आणलेल्या संग्रहात सहाव्या कथेखाली कुणीतरी पेन्सिलनी लिहिलंय 'शेवट फसला', आणि त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, 'परत वाचा'.

मी परत वाचली. पहिलाच बरोबर होता.