सिंगापूर: इथले, बाहेरचे आणि एक पातेलं करी

टेबलावर पडलेलं हे टिश्यूचं पाकीट कुणी विसरलेलं नाहीये. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना, तसं इथे टेबल धरतात, 'चोप' करतात. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांच्या जागी, नवीन माणूस पहिल्यांदा चुकतो तो इथेच, पाकीट सरकवून खुशाल बसतो. कुणी बोलत नाही, नुसतं बघतात.

हे टेक्का सेंटर, लिटल इंडिया. बिर्याणीच्या रांगेत सगळेच उभे, पण प्रत्येकाच्या खिशातलं कार्ड वेगळं. साठ लाख वस्तीत नागरिक साधारण 36 लाख, आणि 18 लाखांहून जास्त लोक ना नागरिक ना पर्मनंट रेसिडेंट. चांगला पगार असलेला एम्प्लॉयमेंट पासवाला बायकोमुलं आणू शकतो, वर्क परमिटवाल्या मजुराला ते नाही, त्याला तर सिंगापूरच्या मुलीशी लग्न करायलाही सरकारची परवानगी लागते. रविवारी हा सगळा रस्ता अशा मजुरांनीच भरतो. 2013 च्या डिसेंबरमध्ये इथेच बसखाली एक भारतीय मजूर गेला, दंगल झाली, मग दारूवर निर्बंध आले.

आता वर बघा, हे एचडीबीचे, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाचे ब्लॉक. बहुतेक सिंगापूरकर अशाच सरकारी फ्लॅटमध्ये राहतात. 1989 पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय, भारतीय किती असावेत याची मर्यादा ठरलीय, ती भरली की आपला फ्लॅट कुणाला विकायचा यावरही बंधन येतं. जाचक आहे, पण म्हणूनच खालच्या या मोकळ्या जागेत आज मलय लग्न लागतं नि उद्या चिनी अंत्यविधी असतो. कॉन्डोंना, म्हणजे खासगी सोसायट्यांना, मात्र हा नियम नाही. आणि आपली आयटी-बँकवाली मराठी मंडळी बरीचशी कॉन्डोत, स्विमिंग पूलपाशी, आपसातच! चार पिढ्या इथे काढलेल्या तमिळ माणसाला हीच मंडळी विचारतात, तुम्ही इंडियात कुठले?

आणि ही करी. 2011 मध्ये पेपरात आलं की चीनहून आलेल्या एका कुटुंबाला शेजारच्या भारतीय घरातल्या करीचा वास सहन होईना. भारतीय कुटुंबाने दारंखिडक्या लावून घेतल्या तरी तक्रार थांबेना, शेवटी मध्यस्थी झाली आणि ठरलं असं की चीनहून आलेले शेजारी घरी नसतील तेव्हाच करी करायची, बदल्यात त्यांनी एकदा ती चाखून तरी बघायची. सिंगापूर भडकलं. फेसबुकवर हाक गेली, ऑगस्टमधल्या एका रविवारी सगळ्यांनी करी करा, हजारोंनी नावं दिली, त्यात चिनी सिंगापूरकरही होते. शेजाऱ्यावरचं प्रेम होतंच, पण नव्याने आलेल्यांवरचा रागही त्याच पातेल्यात उकळत होता. ही तडजोड काही वर्षांपूर्वीची आहे असा खुलासाही आला, पण लोकांनी पातेली काही उतरवली नाहीत.