हात कुणावर बसतो?

शस्त्रक्रिया शिकवणाऱ्यांच्या तोंडी एक शब्द सारखा असतो: ‘हात बसणे’. टाका घालायचा हात बसेपर्यंत तो शेकडो वेळा घालावा लागतो, आणि पहिल्या काही वेळी तो चुकणारच. त्या चुका कुणाच्या अंगावर व्हायच्या? वैद्यकशिक्षणाचा सारा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

सुश्रुतसंहितेत सरावासाठी स्वतंत्र अध्याय आहे. ‘योग्या’ म्हणजे सराव. छेद घ्यायचा तो कोहळ्यावर, दुध्यावर, काकडीवर. शीर वेधायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. टाके कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर. पट्ट्या बांधायला चक्क माणसाचा पुतळा! शरीर आतून पाहायचं तर प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सोडायचं. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. नुसता ग्रंथ येणारा आणि नुसतं कर्म येणारा, दोघांनाही सुश्रुत एका पंखाचे पक्षी म्हणतो. मला हा अध्याय दर वेळी थक्क करतो, कारण त्यात रुग्णाला जपण्याची काळजी ओळीओळीत आहे.

युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत हे दोन पंख वेगळे पडले. प्राध्यापक उंच आसनावरून गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचा ग्रंथ वाचायचे आणि खाली दुसराच कुणीतरी शव कापायचा. गॅलेननं स्वतः माकडं, डुकरं कापली होती, त्यामुळे त्याच्या माणसात प्राण्यांचे अवयव शिरले आणि शतकानुशतकं तसेच शिकवले गेले. इटलीतल्या पादुआत शरीररचना शिकवणारा वेसालियस आसनावरून उतरला, सुरी त्यानं आपल्या हातात घेतली. 1543 मध्ये त्याचा मानवी शरीररचनेवरचा ग्रंथ आला.

मग शवं कमी पडू लागली. एडिंबरामध्ये 1828 साली बर्क आणि हेअर शरीररचनेच्या एका शिक्षकाला शवं विकत होते, आणि त्यासाठी त्यांनी 16 माणसं मारली. 1832 मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला, तोही बेवारस गरिबांची शवं महाविद्यालयांकडे देणारा. म्हणजे हात बसला तो गरिबाच्या देहावर. हे विसरता कामा नये.

जिवंत रुग्णांचीही तीच गत. व्हिएन्नात विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलावरून थेट बाळंतिणींच्या वॉर्डात जायचे. शेजारच्या, सुईणी शिकणाऱ्या वॉर्डापेक्षा तिथे कितीतरी जास्त बाळंतिणी दगावत. 1847 मध्ये तिथल्याच सेमेलवाइस या डॉक्टरनं विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं घटले. शिकवण्याची पद्धतच माणसं मारत होती, हे मान्य करायला त्याच्या सहकाऱ्यांना फार जड गेलं.

विसाव्या शतकाबद्दल थोडक्यात सांगतो. 1910 च्या फ्लेक्सनर अहवालानं अमेरिका-कॅनडातल्या प्रयोगशाळा नसलेल्या, पैशासाठी चालणाऱ्या वैद्यकीय शाळांचं पितळ उघडं पाडलं. 1960 मध्ये कृत्रिम श्वासाच्या सरावासाठी ‘रेससी अ‍ॅन’ ही बाहुली आली. काही वर्षांतच डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांनी शिकवून तयार केलेली माणसं रुग्ण म्हणून विद्यार्थ्यांपुढे बसवली. आज विद्यार्थी पहिली सुई रबराच्या हातात टोचतो, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आधी पडद्यावर करतो.

सुश्रुताचा पुतळा इतक्या शतकांनी परत आला, असं मला वाटतं. पण रबराचा हात दुखत नाही, आणि शिरेत सुई शिरताना रुग्णाच्या चेहऱ्यावर काय उमटतं हे तो दाखवत नाही. म्हणून माझा आग्रह आहे, की पहिल्या खऱ्या रुग्णापाशी शिक्षकानं विद्यार्थ्याच्या शेजारी उभं राहावं, आणि सुई कोण टोचणार आहे हे रुग्णाला आधी सांगावं.